कुणाचं नाव, कुणाची लेखणी



आज लेखणीबद्दल बोलू. बचत गटाच्या बैठकीत आपण दहा-बारा जणी बसतो. बचत सगळ्यांची सारखी, कर्जाची गरज सगळ्यांनाच. पण वही एकीच्याच हातात असते. जिच्या हातात वही, तिच्या शब्दाला थोडं जास्त वजन असतं. बँकेत गेलं तरी साहेब तिच्याकडेच बघून बोलतात. ती काही मुद्दाम मोठेपणा करत नाही. लिहिता-वाचता येणं ही गोष्टच अशी आहे की ती माणसाला वरच्या पायरीवर नेऊन बसवते. आणि हे आजकालचं नाही, दोन हजार वर्षांपासून असंच चालत आलंय. त्याचा पुरावाही आपल्या जवळच आहे. बिडकीनवरून पैठणला जाणारा रस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा. त्या पैठणच्या राजांनी लिहून ठेवलेलं आजही दगडावर शाबूत आहे.

पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान. त्या काळच्या बोलीत म्हणायचे पतिठान. सातवाहन राजांची ही राजधानी. लोकांची भाषा प्राकृत होती, आपल्या मराठीची ती पूर्वज. आणि लिपी होती ब्राह्मी. ब्राह्मी दिसायला फार साधी. तिच्यातला ‘क’ म्हणजे आपलं बेरजेचं चिन्ह. ‘ग’ म्हणजे घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. आणि पतिठानमधला ‘ठ’ म्हणजे नुसतं भाकरीसारखं वाटोळं. आजच्या आपल्या ‘ठ’मध्येसुद्धा ते वाटोळं राहिलंच आहे.

लिपी एवढी सोपी, मग सगळे लिहीत होते का? नाही. लिहिणारे थोडेच होते. राजाचे कारभारी, दूरदूर माल नेणारे व्यापारी, लेण्यांत राहणारे भिक्खू, काही पंडित. बाकी शेतकरी, गुराखी, मजूर आणि बहुतेक बायका यांचा व्यवहार तोंडी. ताडपत्रावर, भूर्जपत्रावर, कापडावर, लाकडी फळ्यांवर जे लिहिलं गेलं ते ऊन, पाऊस आणि वाळवीनं खाल्लं. दगडावरचं तेवढं उरलं. म्हणून त्या काळाबद्दल काही जाणून घ्यायचं तर लेण्यांत जावं लागतं.

पहिली जागा नाणेघाट. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरजवळ. कोकणातल्या बंदरांवरून माल घेऊन बैलांचे तांडे हा घाट चढायचे आणि जुन्नरवरून पुढे पैठणपर्यंत यायचे. त्या घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर मोठा लेख कोरलाय. हा लेख सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा मानतात. त्यात राजाराणीनं केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा यांची यादी आहे. किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती गावं, किती नाणी. ही नुसती स्तुती नाही, आकड्यांसकट मांडलेला हिशोब आहे. भारतातले अगदी जुने लिहिलेले आकडे जिथे सापडतात, त्यांत नाणेघाटाचं नाव घेतलं जातं. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या दगडी मूर्तीही होत्या आणि प्रत्येकीवर नाव कोरलेलं होतं. मूर्ती आता गेल्या. नावं राहिली.

बघा, जागा कशी निवडली. राजवाड्यात नाही, देवळात नाही, तर जिथून दररोज परका-ओळखीचा माणूस जाणार त्या घाटात. वाटसरूंपैकी बहुतेकांना ते वाचता येत नसणार. पण भिंतभर अक्षरं पाहिली की ही कुणा मोठ्याची जागा आहे एवढं कळत होतं. न वाचतासुद्धा वचक बसावा, हे अक्षरांचं एक बळ.

दुसरी जागा नाशिकची पांडवलेणी. तिथे गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. लेख कोरला तेव्हा तो गेलेला होता आणि नातू पुळुमावी याच्या राज्याचं १९वं वर्ष चालू होतं. बलश्रीनं भिक्खूंसाठी लेणं दिलं आणि दानलेखात आपल्या मुलाची सगळी कर्तबगारी सांगितली. त्यानं कुठले कुठले प्रदेश राखले, प्रजेचं सुखदुःख आपलं कसं मानलं, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी कसं प्यायलं. त्या प्रदेशांच्या यादीत ‘मुळक’ आहे. मुळक म्हणजे पैठणच्या भोवतालचा हा आपलाच मुलूख. आणि स्वतःची ओळख ती कशी देते? एका महाराजाची आई आणि एका महाराजाची आजी. गौतमीपुत्राबद्दल आज शाळेच्या पुस्तकात जे शिकवतात, त्यातलं पुष्कळसं या एका आईनं कोरून घेतलेल्या लेखामुळे आपल्याला माहीत आहे. राजानं लढाया केल्या, पण त्यांची आठवण आईनं राखली.

गौतमीपुत्र म्हणजे गौतमीचा मुलगा. पुळुमावी हा वासिष्ठीपुत्र, म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. आईचं नाव आधी. यावरून तेव्हा बायकांचंच राज्य होतं असं समजू नका. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. पण लेखात आईचं नाव होतं, हे खरं. पुढे ते कागदावरून गेलं आणि फार काळ गेलेलंच राहिलं. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदपत्रांत आधी लेकराचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं असं लिहायचं ठरलंय. जे दगडावर होतं ते कागदावर परत यायला एवढी वर्षं लागली.

आता जमिनीची गोष्ट ऐका, कारण आपल्या भागात ती जिव्हाळ्याची आहे. पांडवलेण्यातच गौतमीपुत्राच्या २४व्या वर्षाचा एक हुकूम कोरलेला आहे. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावानं आहे. भिक्खूंना आधी एका गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कुणी कसत नाही आणि गावही ओस पडलंय, हे दरबाराच्या लक्षात आलं. म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरची राजाच्या मालकीची १०० निवर्तनं जमीन त्यांना द्यावी, असा तो हुकूम. निवर्तन हे तेव्हाचं जमीन मोजायचं माप. पुढे अटी आहेत. या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, तिथे मिठासाठी खोदायचं नाही. शेवटी म्हटलंय, हे निबध करा. निबध म्हणजे नोंद. जमिनीचं खरेदीखत करायला आज आपण ज्या कचेरीत जातो, तिची पाटी आठवा. दुय्यम निबंधक कार्यालय. तोच शब्द, तेच काम, मध्ये एकोणीसशे वर्षं.

त्याच हुकुमात आणखी एक नाव आहे, लोटा. राजाची आज्ञा तोंडी झाली आणि ती लेखी करण्याच्या कामात प्रतिहारी लोटा हिचं नाव नोंदवलंय. प्रतिहारी म्हणजे राजदारावरची राखणदार. ही राणी नाही, राजकन्या नाही, नोकरीवरची बाई आहे. पण राजाचं तोंडचं बोलणं जिथे पक्कं होतं, त्या टप्प्यावर ती होती, म्हणून तिचं नाव उरलं. त्या वर्षी गोदेकाठी किती बायका शेतात राबल्या असतील, त्यांतल्या एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलं नाही. लोटाचं आलं.

आता पैशाची गोष्ट. ही गटातल्या प्रत्येकीनं लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. नाशिकलाच उषवदात नावाच्या एका सरदाराचा लेख आहे. तो नहपान या क्षत्रप राजाचा जावई. उषवदातानं ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आपल्या गटासारखाच. एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजानं. दुसरीकडे १००० ठेवले, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे. आता तुम्हीच हिशोब करा. २००० वर महिन्याला शेकडा १, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा-बारा, तेही २४०. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. आपल्या गटातही शेकडा १ किंवा २ असाच दर असतो. बिनचूक हिशोब आणि संघावरचा विश्वास या दोन गोष्टी तेव्हाही लागत होत्या.

ही ठेव ठेवायला बायकाही पुढे होत्या. नाशिकच्याच आणखी एका लेखात विष्णुदत्ता नावाची उपासिका आहे. तिनं निरनिराळ्या धंद्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही आहे. कशासाठी? आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. आणि आपल्याच जिल्ह्यात, गौताळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे पतिठानच्या मितदेवाचं नाव आहे, तो सुगंधी मालाचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. तिथेच राजवैद्य मगिल याचं नाव आहे आणि त्याची मुलगी दत्ता हिच्या दानाचीही नोंद आहे. वैद्याच्या लेकीनं दान दिलं आणि नोंद बापाच्या नावात बुडवून न टाकता तिच्या नावानं केली.

पण यात एक मेख आहे, ती नीट समजून घेऊ. दगडावर नाव आहे म्हणजे त्या बाईला लिहिता येत होतं असं नाही. मजकूर जुळवणारा लेखक वेगळा, दगडावर टाकीनं कोरणारा वेगळा. राणी सांगणार, लेखक लिहिणार, पाथरवट कोरणार. पाथरवटाच्या हातातून इतकी अक्षरं गेली, पण त्याचं स्वतःचं नाव बहुतेक कुठे नाही. म्हणजे नुसतं लिहिण्यानं मान मिळत नव्हता. काय लिहायचं, कुणाचं नाव घालायचं, हे जो ठरवी त्याच्याकडे सत्ता. लेखणी हातात असणं आणि लेखणीवर हुकूम असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जगात दुसरीकडेही हेच दिसतं. आजच्या इराकमध्ये सुमारे ५२०० वर्षांपूर्वी लिहायला सुरुवात झाली ती ओल्या मातीच्या पाट्यांवर, आणि लिहिलं काय, तर कोठारात किती धान्य आलं, कुणाला किती दिलं. गाणी-गोष्टी पुढे आल्या, आधी आला हिशोब. मिसर देशात बाप आपल्या मुलाला सांगायचा की लेखनिक हो, म्हणजे उन्हातान्हात राबावं लागणार नाही आणि डोक्यावर मुकादम असणार नाही. आणि त्याच इराकच्या भूमीत, उर नावाच्या शहरात, एन्हेदुआना ही राजाची मुलगी सुमारे ४३०० वर्षांपूर्वी मोठी पुजारीण होती. जगात ज्यांची नावं ठाऊक आहेत अशा सगळ्यांत जुन्या रचनाकारांत तिचं नाव घेतात. पण ती राजाची मुलगी होती, हे विसरायचं नाही. गरिबाच्या लेकीपर्यंत पाटी पोहोचली नव्हती.

आपल्याकडे लेखणीच्या बरोबरीनं आणखी एक कुंपण होतं, भाषेचं. वेद तर लिहायचेही नव्हते, तोंडपाठच करायचे, आणि तो अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांना नाकारलेला. संस्कृत ही मानाची भाषा, प्राकृत घरादाराची. यावर आपल्या पैठणच्या राजाचीच एक गोष्ट आहे. ती इतिहास नाही, दंतकथा आहे. काश्मीरच्या सोमदेव पंडितानं अकराव्या शतकात तिथल्या राणी सूर्यवतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचलं, त्यात ती येते.

सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, मला पाण्यानं मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ हे शब्द जोडून झाले ‘मोदकैः’. राजाला संधी सोडवता आली नाही. त्याला वाटलं, ही मोदक मागतेय. त्यानं ताटभर मोदक मागवले! राणी हसली, दासी हसल्या. राजा लाजून कोपऱ्यात बसला. राज्य होतं, फौज होती, तरी दोन शब्दांपुढे खाली मान. मग त्यानं विचारलं, मला व्याकरण कोण शिकवेल? गुणाढ्य नावाचा पंडित म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. पैज लागली. शर्ववर्म्यानं सोपं व्याकरण रचून खरोखर सहा महिन्यांत शिकवलं. गुणाढ्य हरला. पैजेप्रमाणे त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि तो रानात गेला. तिथे चौथी, पैशाची भाषा शिकून त्यानं बृहत्कथा रचली, शाई नव्हती म्हणून आपल्या रक्तानं लिहिली. पण राजाला आता संस्कृतचा मान चढला होता. ही कसली हलकी भाषा, म्हणून त्यानं पोथी झिडकारली. गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि जाळून टाकायचा. राजा धावत आला तेव्हा सातातला एकच भाग उरला होता.

गोष्ट हसवते, पण आत बोचते. राजा स्वतः भाषेपायी लाजला होता. शिकून झाल्यावर त्यानंच दुसऱ्याला भाषेवरून हिणवलं. शिकलेल्या माणसाचं हे नेहमी होतं. कालपर्यंत आपण अंगठा लावत होतो, आज सही आली, की अंगठेवालीकडे बघायची नजर बदलते. गटात असं होऊ द्यायचं नाही.

याच्या अगदी उलट वागणारी माणसंही याच गोदाकाठी झाली. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी पैठणला राहिले. त्यांच्यानंतर पंथ नागदेवाचार्यांनी सांभाळला. केशव नावाच्या विद्वान शिष्याला ग्रंथ संस्कृतात लिहायचे होते. नागदेवांनी त्याला अडवलं. म्हणाले, त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. एवढ्या मोठ्या पंथाचा ज्ञानठेवा कुठल्या भाषेत असावा, हे ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर पंडित नव्हते, म्हाताऱ्या होत्या.

शेवटी पुन्हा उषवदाताच्या लेखाकडे येते, कारण त्यातला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. तो शब्द म्हणजे ‘श्रावित’. ठेव ठेवली, मग ती नगराच्या सभेत श्रावित केली, म्हणजे सगळ्यांना वाचून ऐकवली, आणि फलकवारात निबध केली. फलकवार म्हणजे नोंदींच्या फळ्या ठेवायची कचेरी, ज्या फलक शब्दातून आपला शाळेतला फळा आला तोच शब्द. लेख झाला आणि कपाटात गेला, असं नाही. सभेपुढे वाचला. ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही ऐकून साक्षीदार झाले. आता कुणी तो व्यवहार गुपचूप बदलू शकत नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या बिडकीनच्या आसपास औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या. नोटिसा आल्या, संमतीचे कागद आले, मोबदल्याचे धनादेश आले. अशा वेळी सातबाऱ्यावर जिचं नाव होतं तिला विचारावंच लागलं. जिचं नव्हतं, ती घरातली कितीही राबणारी असो, चहाचा कप देऊन बाजूला झाली. आणि नाव असूनही कागद न वाचता ज्यांनी अंगठा किंवा सही केली, त्यांचं नाव नुसतं दगडावरच्या नावासारखं राहिलं. मजकूर दुसऱ्याच कुणी ठरवला.

म्हणून तीन गोष्टी सांगते. पहिली, घराच्या आणि शेताच्या कागदावर आपलं नाव आहे का, ते या महिन्यात बघा. तलाठी कार्यालयातून सातबारा आणि ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठ मिळतो. दुसरी, गटाच्या पंचसूत्रीत नियमित लेखे हे पाचवं सूत्र आहे, पण लिहिणारी एकच नको. दर तीन महिन्यांनी वही दुसरीच्या हातात द्या. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. बैठक संपायच्या आधी लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं. कुणी किती भरले, कुणाला किती कर्ज, किती व्याज, काय ठराव. ग्रामसभेतही उठून म्हणायचं, आधी वाचून दाखवा, मग सही. असं म्हणायला लाजायचं काही कारण नाही. राजाच्या जावयाची ठेवसुद्धा सभेत वाचून दाखवावी लागत होती.

पांडवलेण्यांतली ही अक्षरं मध्ये कित्येक शतकं कुणालाच वाचता येत नव्हती. ब्राह्मी विसरली गेली आणि लोक म्हणू लागले की ही लेणी पांडवांनी खोदली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांनी हे लेख वाचले, तेव्हा बलश्री पुन्हा बोलू लागली, लोटा आणि दत्ता पुन्हा माणसांत आल्या. तोवर त्यांची नावं तिथेच होती, डोंगरात, उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं.

पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा आधी मोठ्यानं वाचा.